कोथिंबिरीला थंडीच लागते

शिकागोजवळ शॉमबर्गला घर घेतलं त्या वर्षी मी मागच्या अंगणात सगळं एकाच दिवशी लावलं. टोमॅटो, मिरच्या, वांगी, भेंडी आणि कोथिंबीर. मे महिन्याच्या शेवटची, मेमोरियल डेची सुट्टी होती. ऑफिसमध्ये ज्याला त्याला विचारून झालं होतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की त्याआधी जमिनीत काही घालू नकोस. शिकागोच्या बाजूला शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे पानं गोठवणारं दव, कधी पडेल याचा नेम नाही. आठवडाभर छान ऊन पडतं, माणसं अर्ध्या चड्ड्यांवर येतात, आणि मग एका रात्रीत पारा गोठणबिंदूच्या खाली उतरून सकाळी सगळी रोपं उकडलेल्या पालकासारखी माना टाकून पडतात. मी मूळची नागपूरची. मला उन्हाची भीती माहीत होती, थंडीची नव्हती. म्हणून मी शहाण्यासारखं सगळ्यांचं ऐकलं.

टोमॅटो आले, मिरच्या आल्या. कोथिंबीरही आली, पण चार पानं धरली न धरली तोच तिला काय घाई सुटली कोण जाणे. जूनचं ऊन लागताच भराभर उंच झाली, पानं बडीशेपेच्या पानांसारखी बारीक झाली, आणि वर पांढरी फुलं. तोंडात घातली तर औषधासारखी चव. मी पाणी वाढवलं, खत घातलं, नवऱ्यावर चिडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण तो समोर होता.

तेव्हा काकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. डॉक्टर नवऱ्याबरोबर तरुणपणी कोल्हापूरहून आलेल्या, इथेच म्हाताऱ्या झालेल्या, आणि काका गेल्यावर त्या मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाली होती आणि घर बघायला या म्हणून मी बोलावलं होतं. घर त्यांनी बघितलंच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागे नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे काय गं? कोथिंबिरीला टोमॅटोच्या पंगतीला बसवलंस?"

मी फ्रॉस्टचं सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"फ्रॉस्ट टोमॅटोला. कोथिंबिरीला काय होतंय? तुमच्या नागपूरला सांबारवडी कधी करतात?"

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "हिवाळ्यात," मी म्हटलं.

"आणि मे महिन्यात का नाही करत?"

मला उत्तर माहीत होतं. मे महिन्यात नागपुरात सांबार बघायला मिळत नाही, मिळाला तर भाजीवाला काड्या मोजून दिल्यासारखा देतो. थंडीत मात्र जुड्यांचे ढीग. लहानपणापासून हे डोळ्यांसमोर होतं, आणि तरी अमेरिकेत येऊन मी थंडी संपायची वाट बघत बसले होते. इथे आलेले आपले निम्मे लोक हीच चूक करतात. थंडी म्हटलं की आपल्याला इथला बर्फच आठवतो, आणि घरची थंडी, जिच्यात सगळा भाजीपाला पिकतो, ती आपण साफ विसरतो.

पुढच्या वर्षी काकूंनी मला बरोबर घेतलं. इथे शेवटचा फ्रॉस्ट साधारण मेच्या मध्यापर्यंत कधीही पडतो, तर कोथिंबीर त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलात, माती हाताला मोकळी लागायला लागली की पेरायची. हात गार पडून दुखायला लागतात अशा हवेत. धने पोळपाटावर पसरून लाटण्याने हलके फिरवायचे, दाण्याचे दोन तुकडे होतील एवढेच, पीठ नाही. रात्रभर भिजवायचे. मग दर थोड्या दिवसांनी एक ओळ, जून लागेपर्यंत. मग थांबायचं. भर उन्हाळ्यात धने वाया घालवायचे नाहीत. पुन्हा ऑगस्ट उतरताना पेरायची, म्हणजे पहिल्या फ्रॉस्टच्या आधी भरात येते आणि दसऱ्या-दिवाळीला ताजी मिळते. एप्रिलातल्या एका सकाळी तिच्या कोवळ्या पानांवर पांढरा थर बघून मी किंचाळले होते. काकू चहाचा कप हातात घेऊन शांत उभ्या होत्या. ऊन वर आलं, थर वितळला, पानं पुन्हा ताठ झाली. "बघितलंस?" म्हणाल्या. "हिला नाजूक समजू नकोस."

काकू गोड वगैरे नव्हत्या. माझ्या पोळ्या त्यांना कधी आवडल्या नाहीत आणि ते त्या सांगायच्या. पण मंडळात कुणाकडे बारसं असो, डोहाळजेवण असो, आजारपण असो, काकूंच्या घरून जुडी जायची. ओल्या कागदी टॉवेलमध्ये गुंडाळलेली. शॉमबर्गला नवीन आलेल्या कित्येक मुली त्यांना नावाने ओळखायच्या नाहीत, कोथिंबीरवाल्या काकू म्हणायच्या. माझी आई नागपुरात, व्हिडिओ कॉलवर. काकू दोन गल्ल्यांवर. मला ताप आला तर आईला दुसऱ्या दिवशी कळायचं आणि काकू त्याच संध्याकाळी दारात असायच्या. मला त्यांची सवय झाली होती. सवय हा शब्द कमी आहे. त्या गेल्या तर माझं कसं होईल याचा मी विचारच करायचे नाही.

मग एका जानेवारीत त्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरल्या. मनगटावर निभावलं. पण त्यांचा मुलगा शुगर लँडहून, म्हणजे टेक्सासहून, पहिल्या विमानाने आला आणि त्याने ठाण मांडलं. तो इथेच जन्मलेला, ह्यूस्टनच्या एका एनर्जी कंपनीत इंजिनियर. साधा, सज्जन मुलगा. माझ्या स्वयंपाकघरात बसून आईला म्हणाला, "आई, आय कान्ट डू धिस. फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस. प्लीज, तू आमच्याकडे चल. तिकडे स्नो नाहीच."

काकूंनी प्लास्टरमधलं मनगट उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "एक वर्ष. वर्षभर राहून बघते. नाही जमलं तर मी परत येणार, आणि मग तू मला अडवायचं नाहीस." मला राहवलं नाही. आमच्याकडे खाली एक खोली रिकामीच होती. मी म्हटलं, "परत आलात तर माझ्याकडे राहा." मुलाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, थकलेल्या नजरेने. घर विकायला निघालं आणि मार्च संपायच्या आत काकू गेल्यासुद्धा.

सुरुवातीला रोज फोन. तिकडची माती काळी आहे, चिकट आहे, अगदी आमच्या कोल्हापूरच्या उसाच्या रानासारखी, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं. मुलाने मागे वाफा करून दिला होता. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी सांगितलं, "आज पेरली गं." मीही त्याच आठवड्यात पेरली होती. आम्ही दोघी एकाच वेळी पेरतोय याचं मला इतकं बरं वाटलं, की दोन्हीकडच्या हवेत काही फरक असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यांच्याही नाही आलं. इतकी वर्षं एप्रिल म्हणजे पेरणी हे त्यांच्या हातात बसलं होतं, आणि हात विचार करत नाहीत.

मे महिन्यात त्यांचा आवाज बदलला. कोथिंबीर उगवली काय आणि फुलावर गेली काय, काही कळलंच नाही म्हणाल्या. पुन्हा पेरली, घराच्या सावलीत. ती उगवलीच नाही. मी म्हटलं, धने जुने असतील. त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणले. तेही वाया गेले. मग एक दिवस म्हणाल्या, "माझा हात गेला गं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हसू नकोस. हाताला गुण असतो, तो जातो. वय झालं की जातो. इथे मला कुणी ओळखत नाही, शेजारची गाडीतून हात करते आणि गॅरेजचं दार खाली जातं. मुलगा-सून चांगले आहेत, पण दिवसभर कामावर. मी काय करू सांग? कोथिंबीर तरी यायची मला."

मी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला आणि भांडी घासता घासता रडले.

जुलैत मुलाचा फोन आला. "ती मागे जातच नाही आता. वाफ्यात नुसतं गवत झालंय. काल म्हणाली, मार्चमध्ये मी परत जाणार, तिकडे पेरायची वेळ होते." मग म्हणाला, "आय नो, तिला तुझ्याकडे आवडेल. बट यार, ती माझी आई आहे. मी इतकी वर्षं तिला फक्त सुट्टीत भेटलोय. यू टेल मी, मी काय चुकतोय?"

तो काहीच चुकत नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला त्याची दया आली आणि त्याच वेळी मनात आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. काकू परत येणार! त्याच शनिवारी मी खालच्या खोलीसाठी पडदे आणले. नवरा म्हणाला, "त्यांच्या मुलाला काय वाटेल?" मी म्हटलं, "तू पडदे लावायला मदत करणार आहेस की प्रवचन देणार आहेस?" त्याने मुकाट्याने पडदे लावले.

ऑगस्टच्या शेवटी मी दुसरी पेरणी केली. हात मातीत आणि कानाला फोन, पलीकडे आई. नागपुरात पाऊस, दमट, माणूस हैराण. मी तिला सहज विचारलं, "सांबार मिळतो का गं?"

"आता कुठला सांबार?" आई म्हणाली. "आता जो मिळतो तो सडका. आपला सांबार थंडी पडली की. दिवाळीच्या आसपास पेरतात, मग संक्रांतीपर्यंत नुसती चंगळ."

माझा हात मातीतच थांबला. शुगर लँड काय आणि नागपूर काय! तोच उकाडा, तीच जरा पडून पळून जाणारी थंडी. फोन ठेवून मी तिकडचं हवामान बघितलं. पहिला फ्रॉस्ट पडलाच तर डिसेंबरात, तोही उडत उडत. एप्रिल म्हणजे तिथे उन्हाळ्याचं दार. काकूंनी कोथिंबीर भर नागपुरी उन्हात पेरली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणारी पक्की होती आणि अंगणच खरोखर वाकडं निघालं होतं. काकूंचा हात कुठेही गेला नव्हता. फक्त तारखा शॉमबर्गच्या होत्या.

मला वाटलं नव्हतं की ही गोष्ट सांगायला मला इतकं जड जाईल. खालच्या खोलीत पडदे लागले होते, आणि तिकडेच कोथिंबीर आली तर काकू परत कशाला येतील? पण "माझा हात गेला" हे वाक्य उरावर घेऊन त्या माझ्या घरी आल्या असत्या, तर ते माझ्याच्याने बघवलं नसतं. मातीचे हात न धुताच मी फोन लावला.

"काकू, तुम्ही कोथिंबीर उन्हाळ्यात पेरलीत."

"एप्रिल म्हणजे उन्हाळा?"

"तिकडे उन्हाळाच. शुगर लँड म्हणजे नागपूर आहे काकू. दसरा होऊ द्या, उकाडा मोडू द्या, मग पेरा. थंडीभर येईल."

"म्हणजे आता तू मला कोथिंबीर शिकवणार?"

"तुम्हीच मला नागपूरची आठवण करून दिली होतीत."

"मी शिकवलेलं मलाच विकू नकोस," म्हणाल्या आणि फोन ठेवला. चिडल्या होत्या. नंतरचे कितीतरी दिवस त्यांनी मला फोन केला नाही. मी केला तर सून उचलायची आणि आई झोपल्यात म्हणायची, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. मीही हट्टाने करत राहिले. माझाही स्वभाव काही कमी नाही.

दसरा होऊन गेल्यावर त्यांनीच फोन केला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दाणे फोडून भिजवलेत. ऊन अजून आहे. उद्या पेरू का आठवडा थांबू?" मी म्हटलं, थांबा. "मलाही तेच वाटत होतं," म्हणाल्या. म्हणजे विचारायची गरज नव्हती, पण विचारलं. हीच त्यांची माफी, असं मी धरून चालले.

नोव्हेंबरात सुनेने फोटो पाठवला. हिरवागार दाट वाफा, आणि कडेला काकूंचे पाय. माझ्या शॉमबर्गच्या अंगणात तेव्हा सगळं थंडीने करपून काळं पडलं होतं. मी त्या फोटोकडे बघत राहिले आणि मला एकदम मोकळं वाटलं.

पण खरी गंमत डिसेंबरात झाली. शुगर लँडला फ्रॉस्टचा इशारा आला आणि त्यांच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, धावपळ उडाली. आम्हा शिकागोवाल्यांना हसू येईल अशी. लोक चादरी, टॉवेल, सोफ्याची कव्हरं घेऊन अंगणात. ज्या शेजारणी गाडीतून हात करून गॅरेजमध्ये गडप व्हायच्या, त्या कुंपणाशी उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, काय झाकायचं, काय सोडायचं. काकू अंगात स्वेटरसुद्धा न घालता बाहेर आल्या. जवळजवळ सगळं आयुष्य फ्रॉस्टशी दोन हात करण्यात गेलेलं! त्यांनी अर्ध्या गल्लीत फेरी मारली. टोमॅटो झाका, मिरच्या झाका, चादर पानांना टेकू देऊ नका, काड्या रोवून वर टाका, आणि दुपारीच मातीला पाणी घाला. कुणी विचारलं, आणि तुमच्या सिलँट्रोचं, म्हणजे कोथिंबिरीचं, काय? काकू म्हणाल्या, "शी लाइक्स इट." सकाळी गल्लीतले लोक ती न झाकलेली कोथिंबीर बघायला आले. पांढरी झालेली पानं ऊन आल्यावर ताठ उभी राहिली, तेव्हा म्हणे एका बाईने टाळ्या वाजवल्या. हे सगळं मला सुनेने सांगितलं. काकूंचा फोन दोन मिनिटांत संपला होता. दाराशी कुणी जुडी न्यायला आलं होतं.

जानेवारीच्या शेवटी मीच गेले. मुलगा विमानतळावर घ्यायला आला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "मार्च येतोय. ती काही बोलत नाही. मी विचारत नाही. आय प्रॉमिस्ड, अडवणार नाही म्हणून." मी म्हटलं, "मलाही काही बोललेल्या नाहीत." ते खरं होतं.

चार दिवस काकूंनी मला जेवू घातलं, माझ्या पोळ्यांना नावं ठेवली, दोन घरी फिरवून आणलं. निघायच्या सकाळी आम्ही दोघी मागे गेलो. त्या कात्रीने जुडी कापत होत्या, मी कापलेल्या काड्या धरत होते. मान वर न करता म्हणाल्या, "मी मार्चमध्ये येत नाही गं."

"हं," मी म्हटलं.

"वाईट वाटलं?"

खोटं बोलायची वेळच नव्हती. "हो. खूप."

कात्री थांबली. "वाटलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर इतकी वर्षं मी तिकडे काय केलं?"

मी तिथेच भोकाड पसरलं. माझ्यासारखी ऑफिसात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई, वाफ्याच्या कडेला फतकल मारून. सून धावत मागच्या दारात आली. "काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "मी इथेच राहतेय, हे हिला सांगितलं."

सून दारातच थिजली. एक हात तिने तोंडावर धरला. मग वळून, घर हलेल अशा आवाजात, तिने नवऱ्याला हाक मारली. जिन्यावरून त्याची धावती पावलं ऐकू आली आणि मला कळलं की घरात हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी ते आधी मला सांगितलं होतं.